वर आणून देणारं ऑफिस

एसटीत नोकरी केलेल्या माणसाकडं किस्से असतात, दवाखान्यात काम केलेल्याकडं असतात, पोलिसाकडं तर असतातच. पण दिवसभर खुर्चीत बसून कम्प्युटरवर बोटं आपटणाऱ्याकडं कसले आलेत किस्से, असं लोकांना वाटतं. मलाही वाटायचं. गेल्या महिन्यात जुन्या ऑफिसची वर्षा काही कामानं लातूरला आली होती, ती घरी आली. चहा झाला. "तुला ते मिरचीवाले काका आठवतात का?" एवढंच ती म्हणाली, आणि त्यानंतर एकातून एक असे किस्से निघत गेले, की तिची नांदेडची बस चुकली!

आमचं ऑफिस नांदेडला, एका मोबाइल रिपेअरिंगच्या दुकानाच्या वर. काम काय, तर लोकांच्या वेबसाइटसाठी मजकूर लिहायचा. आणि तो असा लिहायचा की कुणी मोबाइलवर काही शोधलं, की आमच्या गिऱ्हाइकाचं पान सगळ्यात वर आलं पाहिजे. त्यासाठी लोक शोधताना जे शब्द टाइप करतात, तेच शब्द मजकुरात पुन्हा पुन्हा पेरायचे. त्या शब्दांना म्हणायचं 'कीवर्ड'.

माझी आई गावात सांगायची, "माधव नांदेडला लोकांना वर आणायचं काम करून राहिलाय." ऐकणाऱ्याला वाटायचं, मी विहिरींच्या कामावर आहे!

मालक बालाजी सर. ते पूर्वी पेपरसाठी जाहिराती गोळा करायचे. वेबसाइट बांधायचं आणि चालू ठेवायचं काम शफीकभाईकडं. लिहायला वर्षा आणि मी. बस, एवढंच ऑफिस.

वर्षा घरी आली त्या दिवशी आम्ही दोघं पोट धरून हसलो. ती गेल्यावर कप विसळताना मात्र मला कसंतरीच झालं. एवढे शब्द लिहिले आपण, आणि त्यातला कुठला आठवतो म्हणाल, तर आठवतात ते सगळे न लिहिलेलेच.

*

तर मिरचीवाले काका. धर्माबादचे मोठे व्यापारी. त्यांची वेबसाइट करायची म्हणून मी आणि बालाजी सर त्यांच्या दुकानात गेलो. नाकातोंडात मिरचीचा खकाणा जाऊन मी शिंकतोय, आणि काका गादीवर आरामात बसलेले.

"काका, मिरचीबद्दल काहीतरी सांगा," मी म्हणालो.

काकांनी पोत्यातून मूठभर मिरच्या उचलल्या आणि माझ्या कानाजवळ आणून हलवल्या. आत बिया खुळखुळल्या.

"ऐकलंस? मिरची डोळ्यानं घ्यायची न्हाई, कानानं घ्यायची. चांगली वाळलेली मिरची बोलती. ओली गुमसुम राहती. रंगाला भुलला तो फसला."

असं ते किती वेळ बोलत होते! कुठल्या मिरचीचा ठसका लगेच लागतो, कुठलीचा जेवण झाल्यावर. लेकीच्या लग्नाला कुठली न्यायची, तेराव्याच्या स्वयंपाकाला कुठली. मी परत येताना गाडीतच मनात पान लिहून काढलं. दुसऱ्या दिवशी सरांना दाखवलं.

सरांनी ते खरंच मन लावून वाचलं. म्हणाले, "लई भारी लिहिलंस. डोळ्यासमोर मिरची आली. पण माधव, मोबाइलवर 'वाळलेली मिरची बोलती' असं शोधणारा एक तरी माणूस मला दाखव!"

मग ते पान गेलं आणि दुसरं आलं. 'धर्माबाद लाल मिरची घ्यायची असल्यास धर्माबाद लाल मिरचीचे विश्वसनीय व्यापारी म्हणून धर्माबाद लाल मिरची विक्रेत्यांमध्ये आमचे नाव...' वगैरे. पान वर गेलं. परगावचे फोनही यायला लागले.

काकांनी मुनिमाला सांगितलं, वाचून दाखव. मुनीम वाचायला लागले. दोन वाक्यं झाली आणि काकांनी हात वर केला.

"थांबा. हे लिवणारं पोरगं बोलताना अडखळतं का? माझ्याशी तर चांगलं बोललं होतं."

"न्हाई मालक. लिहिलंच तसं हाय."

"मग त्याला चांगल्या डॉक्टरला दाखवा म्हणावं. वेळेवर दाखवलं तर सुधारतंय!"

हे मुनिमांनीच आम्हाला फोनवर सांगितलं. ऑफिसात दिवसभर हसणं चाललं होतं. पुढच्या हंगामात पान नवं करायला मी पुन्हा धर्माबादला गेलो. वही-पेन काढून बसलो. काकांनी चहा मागवला, तब्येत विचारली, आणि म्हणाले, "तुम्हाला काय लिवायचं ते लिवा बाबा. मला त्यातलं काय कळतंय?"

मिरचीचा विषय त्यांनी काढलाच नाही.

*

एकदा सरांच्या डोक्यात आलं की मजकूर शुद्ध पाहिजे. म्हणून त्यांनी पांचाळ गुरुजींना आणलं. गुरुजी निवृत्त झालेले, आयुष्यभर शाळेत मराठी शिकवलेलं. दुपारी जेवून यायचे, चष्मा पुसायचे आणि आमच्या लिखाणावर लाल पेन चालवायचे. वर्षाला तर त्यांनी 'आणि' कधीच चुकू नये इतकं पक्कं करून टाकलं.

तेव्हा एक लग्नपत्रिका छापणारं गिऱ्हाईक होतं. गुरुजींनी त्यांचं अख्खं पान तपासून स्वच्छ केलं. आणि ते पान धाडकन खाली गेलं!

शफीकभाईनं शोधून काढलं. "गुरुजी, पब्लिक 'पत्रिका' लिखतीच नहीं. सगळे 'पत्रीका' लिहितात. दुसरी वेलांटी."

सर गुरुजींच्या खुर्चीजवळ स्टूल घेऊन बसले. त्यांना फार अवघड झालं होतं. "गुरुजी, काय झालंय... लोक जसे चुकतात ना, तसं आपल्याला चुकावं लागंल."

गुरुजींनी विचारलं, "सगळे एकसारखेच चुकतात का?"

"न्हाई. पण बहुतेक जण ह्याच पद्धतीनं."

"बरं." गुरुजींनी पान पुढं ओढलं आणि त्याच लाल पेनानं एकेक चूक परत घातली. एकही सोडली नाही. संध्याकाळी निघताना दारात चपला घालता घालता म्हणाले, "सगळी नोकरी पोरांच्या ऱ्हस्व-दीर्घाचे मार्क कापण्यात गेली. आता त्या सगळ्यांना घरी बोलावून मार्क परत द्यायला पाहिजेत."

आम्ही हसलो. तेही हसले.

त्यानंतर ते आले नाहीत. सरांनी मेसेज टाकला, 'गुरुजी, येऊन राहिलात ना?' उत्तर आलं : 'तब्बेत ठिक नाही.'

पहिले दोन्ही शब्द चुकलेले. ते मुद्दाम होतं की आमच्याकडची सवय लागली होती, हे विचारायची हिंमत कुणाचीच झाली नाही.

*

हा छोटा आहे.

लोक मोबाइलमध्ये 'माझ्याजवळचे मंगल कार्यालय' असं शोधतात. म्हणून उमरीकडच्या एका कार्यालयाच्या पानावर आम्ही 'माझ्याजवळचे मंगल कार्यालय' असं ठळक लिहिलं. पान वर गेलं. मालक इतके खूश झाले की त्यांनी तीच ओळ रंगवून गेटवर भला मोठा बोर्ड लावला!

पुढच्याच लग्नात मुलीकडच्या मंडळींचा टेम्पो गेटपाशी आला. पुढं बसलेल्या आजोबांनी बोर्ड वाचला आणि ड्रायव्हरला म्हणाले, "आरं, हे तर मालकाच्या जवळचं हाय. आपल्या जवळचं पुढं असंल. चल!"

नवरीची आई त्या टेम्पोत होती. मुहूर्त टळला.

*

लातूरला क्लासेस किती, हे मी वेगळं सांगायला नको. आमच्याकडं तीन क्लासवाले होते. एकमेकांचं तोंड न बघणारे, पण आमच्याकडं तिघंही. पहिल्याचं पान मी लिहिलं, 'लातूरमधील सर्वोत्तम क्लास'. दुसऱ्याचं वर्षानं लिहिलं, 'लातूरमधील सर्वोत्तम क्लास'. तिसऱ्याचं अर्धं मी आणि अर्धं तिनं. तिघंही समाधानी.

एक दिवस ऑफिसात एक गृहस्थ आले. कंधार तालुक्यातले शेतकरी. अंगात पांढरा सदरा, हातात पिशवी, सोबत दहावी झालेली मुलगी. मुलगी डॉक्टर व्हायचं म्हणत होती. ते उभ्या उभ्याच म्हणाले, "रामराम. लातूरच्या क्लासची चौकशी करायची होती."

सर म्हणाले, "दादा, क्लास लातूरला हाय. हे नांदेड."

"ते ठाऊक हाय." त्यांनी मोबाइल काढला. "हिनं तिन्ही क्लासचं पान उघडून दाखवलं. तिन्ही सर्वोत्तम. पण तिन्हीच्या खाली बारीक अक्षरात तुमचं नाव आन् पत्ता हाय. म्हटलं, ज्या माणसानं तिन्ही बघितलेत, त्यालाच विचारावं. लेकरू एकटं ठेवायचंय, साहेब."

आमच्यापैकी एकानंही त्यातल्या एकाही क्लासची पायरी चढलेली नव्हती. फोटो आणि माहिती मेलवर यायची, आम्ही लिहायचो.

सर बोलण्यात कधी अडत नसत. त्या दिवशी त्यांनी आधी पाणी दिलं, चहा सांगितला. शेवटी म्हणाले, "खरं सांगू का दादा? तुम्ही लातूरला जा. तिन्हीकडं पोरीला घेऊन थोडा वेळ वर्गात बसा. तिथल्या पोरींना विचारा. मग ठरवा."

त्यांना ते पटलं. मान हलवत त्यांनी चहा संपवला. कप खाली ठेवला आणि अगदी सरळपणे, कुठलाही टोमणा नाही, खरंच कळत नाही म्हणून विचारावं तसं विचारलं,

"तेच करायचं होतं, तर तुम्ही हे कशाला लिहून राहिलात?"

*

वर्षा कंधारची. किल्ल्याच्या अंगणातच वाढली म्हणा ना. शाळा सुटली की पोरी किल्ल्यात. त्यामुळं एका पर्यटनाच्या वेबसाइटसाठी कंधारचं पान आलं, तेव्हा ती म्हणाली, "ह्याला कुणी हात लावायचा नाही. हे माझं."

तिनं लिहिलं. खंदकात पावसाळ्यात पाणी आलं की बेडकांचा आवाज घरापर्यंत कसा यायचा. दुपारी उन्हात दगड एवढा तापायचा की तिची आजी वाळवण तिथं नेऊन घालायची. कुठल्या कमानीखाली उभं राहून हाक मारली की ती परत येते आणि कुठल्या कमानीखाली येत नाही. मी ते वाचलं आणि माझं सगळं लिखाण मला पांचट वाटायला लागलं.

सरांनी वाचलं. मग हळूच म्हणाले, "वर्षा, भावना जरा खाली घे. बसचं टाइमटेबल वर आण."

भावना खाली घेता घेता पान संपलं. राहिलं काय, तर 'कंधार किल्ला : कसे जावे, कधी जावे, काय पाहावे'. बाकीचं वर्षानं बाजूला काढून ठेवलं होतं, ते कम्प्युटर बदलला त्यात गेलं. शफीकभाईनं दोन दिवस धडपड केली. सापडलं नाही.

बऱ्याच दिवसांनी ती माहेरी गेली, तर भाची शाळेच्या प्रकल्पाला बसलेली. विषय, आपल्या गावचा किल्ला. समोर मोबाइल, त्यावर आपलंच पान! भाची ते जसंच्या तसं उतरवून घेत होती. वर्षा तिच्याजवळ बसली आणि म्हणाली, "अगं हे कशाला? मी सांगते ना." आणि तिनं बेडकांपासून सुरुवात केली. वाळवणाचं सांगितलं. हाक परत येणाऱ्या कमानीचं सांगितलं.

भाचीनं सगळं ऐकून घेतलं. मग मोबाइलवर वरखाली करून बघितलं आणि पेन बंद केलं.

"आत्या, हे नेटवर नाही. मॅडम मार्क देणार नाहीत."

वर्षा म्हणते, "मी तिला काय सांगणार होते? नेटवर का नाही, ते?"

*

लातूरला एक लहान मुलांचे डॉक्टर होते. त्यांचं पान मी लिहिलेलं. त्यांना भेटलो नव्हतो. दवाखान्याच्या पानाचा एक साचा असतो, 'अनुभवी', 'हसतमुख', 'आपुलकीने तपासणारे', तोच लिहिला. पान वर गेलं आणि वरच राहिलं.

मग डॉक्टर वारले. अचानकच. पण पान थोडंच वारतं? लोक शोधायचे, पानावरचा नंबर लावायचे, आणि घरी त्यांच्या पत्नीला फोन जायचे. 'डॉक्टर आहेत का? बाळाला ताप आहे.' रोज. कधी दिवसातून चार वेळा.

बाई एक दिवस स्वतःच नांदेडला आल्या. त्या बँकेत नोकरीला होत्या, शांत बाई. "ते पान काढून टाका. मला फोनवर रोज तेच तेच सांगावं लागतं."

शफीकभाई म्हणाला, "मॅडम, दोन मिनिटं." त्यानं पान उघडलं. बाई त्याच्या मागं उभ्या राहून वाचायला लागल्या. आणि वाचता वाचता म्हणाल्या,

"हसतमुख?"

मी खाली मान घातली.

"घरी तर कधी हसले नाहीत. यायचे, जेवायचे, झोपायचे. हे कुणी लिहिलं? दवाखान्यात हसायचे का ते?"

आता काय सांगायचं, साचा होता म्हणून? तेवढ्यात शफीकभाई खुर्ची वळवून म्हणाला, "हाव मॅडम. मेरी बच्चीको लेके गया था मैं, लातूरला सासरवाडीत असताना. सुई बघून ती लई रडत होती. डॉक्टरसाबनं स्टेथोस्कोप आधी तिच्या बाहुलीला लावला. म्हणले, 'हिची तब्येत जास्त खराब आहे, हिला आधी बघू.' हसत होते ना. खूब हसत होते."

बाईंनी विचारलं, "बाहुलीला?"

"हाव मॅडम. बाहुलीला."

"बाकीचं काढून टाका," बाई म्हणाल्या. "ती एवढी ओळ मला कागदावर छापून द्या."

'डॉक्टर हसतमुख आहेत.' मी छापून दिली. त्यांनी घडी घालून पर्समध्ये ठेवली. वर्षा त्यांना खालपर्यंत सोडायला गेली. ती वर येईपर्यंत मी शफीकभाईकडं बघत होतो.

"खरंच गेला होतास का रे?"

तो स्क्रीनकडं बघत म्हणाला, "तू खरं लिहिलं होतंस का?"

*

मग मजकूर लिहिणारी यंत्रं आली. सर एक दिवस उत्साहात आले, खुर्ची ओढून आम्हाला बोलावलं. "बघा. ह्याला नुसतं सांगायचं, 'नांदेड फर्निचर दुकान, पान लिही.' पाण्याचा घोट घेईपर्यंत तयार!"

खरंच तयार झालं. वर्षानं वाचलं. चेहरा पडला. "सर, हे तर डिट्टो आपल्यासारखं लिहितं."

"मग! नेटवरचं सगळं वाचून शिकलंय म्हणतात. त्यात आपलं पण आलंच."

"आपलं वाचून?" वर्षा म्हणाली. "अरेरे! बिचारं!"

त्यानंतर काम आटत गेलं. सर पुन्हा जाहिरातींकडं वळले. मी लातूरला एका कॉलेजच्या ऑफिसात लागलो. शफीकभाई खालच्याच दुकानात मोबाइल रिपेअर करतो. वर्षा अनुवादाची कामं करते, घरूनच.

*

शेवटचा सांगतो. हा वर्षाचा आहे, म्हणजे झाला सगळ्यांसमोर, पण तो तिचाच. ती सांगते तेव्हा मी मध्ये बोलत नाही.

उमरी तालुक्यातल्या सुमनमावशी. गावाकडच्या शेतकरी घरातल्या. त्यांचा धाकटा मुलगा गजानन मोठ्या भावाशी भांडून घरातून गेला. शेती करणार नाही म्हणाला, भाऊ नको ते बोलला, आणि हा दुसऱ्या दिवशी दिसला नाही. फोन बंद. कुणी म्हणे हैदराबादला बघितला, कुणी म्हणे पुण्याला. तो आजपर्यंत घरी आलेला नाही, हे आधीच सांगून टाकतो.

गावात कुणीतरी मावशींना सांगितलं, नांदेडला एक ऑफिस आहे, तिथं लोकांचं नाव वर आणतात. मावशी एकट्या बसनं आल्या. जिना चढून आल्या, दम खाल्ला, आणि म्हणाल्या, "माझ्या लेकराचं नाव वर आणा."

काय पाहिजे ते कळायलाच आम्हाला वेळ लागला. सरांनी विचारलं, "मावशी, पोलिसात दिलं का?"

"हाव, दिलं की. ते म्हणले, मोठा हाय, मर्जीनं गेलाय. मला त्याला पकडून आणायचं न्हाई. त्यानं मोबाइल उघडला की त्याला मी दिसले पाह्यजे. बस."

शफीकभाई हळूच म्हणाला, "पण सर, वो अपनाच नाम कायकू सर्च करेंगा?"

बरोबर होतं. आमचा सगळा धंदा एकाच प्रश्नावर चालायचा : समोरचा माणूस काय शोधेल? गिऱ्हाइकांसाठी तो प्रश्न आम्ही रोज विचारायचो, पण असा कधी विचारला नव्हता. वर्षा मावशींच्या शेजारी जाऊन बसली.

"मावशी, तो परगावी खोलीवर राहत असेल. एकटा. तर त्याला कशाची अडचण येत असेल?"

मावशी लगेच म्हणाल्या, "जेवायची. भाकरी येती त्याला, मीच शिकवली. कालवण येत न्हाई. भाजीबिजी काय न्हाई केली तरी येसर आमटी असली की त्याचं भागतंय. पर ती त्यानं कधी केली न्हाई. आयती जेवला."

येसर म्हणजे आमच्याकडं डाळ, धान्य आणि मसाला भाजून दळून ठेवतात ते पीठ. पाण्यात कालवून फोडणीला टाकलं की आमटी. घरात भाजी नसली तरी येसर असतं.

वर्षानं कम्प्युटर ओढला. "मावशी, सांगा. येसर आमटी कशी करायची?"

"तुला येत न्हाई?"

"येते. तुम्ही त्याला सांगा."

आणि मावशींनी सांगितलं. वर्षानं एक शब्द बदलला नाही. सर मागं उभे होते, कीवर्ड कुठं टाकायचे, शीर्षक काय करायचं, काही बोलले नाहीत. 'हे बघ, घाई करायची न्हाई. आधी हरभऱ्याची डाळ भाज. लाल झाली की उतरव. गहू येगळा भाज, बाजरी येगळी. सगळं एकदम टाकलं तर एक जळतं आन् एक कच्चं राहतं. धने, जिरं, खोबरं मागून. जळलं तर टाकून देऊ नको, पर कडू लागली म्हून मला बोल लावू नको. दळायला गिरणी नसंल तर मिक्सर माग कुणाला, लाजू नको. मागितलं म्हून कुणी लहान व्हत न्हाई. फोडणीला लसूण टाक, ठेचून. येसर पाण्यात कालवून घे, गुठळी राहू देऊ नको. उकळी आली की जवळ उभा राहा, उतू जाती. ताटात घेतल्यावर आधी भाकरी कुस्कर.'

खाली एवढंच लिहिलं : सुमनबाई, आणि गावाचं नाव.

शफीकभाईनं ते आमच्याच एका रिकाम्या वेबसाइटवर टाकलं. आणि काय सांगू! आम्ही ज्यासाठी एवढी वर्षं धडपडलो, ते त्या पानाचं आपोआप झालं. काही दिवसांत येसर आमटी शोधली की सुमनमावशी पहिल्या. खाली लोकांच्या प्रतिक्रिया येऊ लागल्या. कुणी परदेशातून लिहिलं, वाचून रडू आलं. कुणी लिहिलं, आमच्याकडं यात तीळ घालतात. वर्षा आठवड्यातून एकदा मावशींना फोन लावून सगळं वाचून दाखवायची. मावशी ऐकायच्या. "बरं. बरं," म्हणायच्या. शेवटी विचारायच्या, "झालं? अजून न्हाई ना कुणी?"

असं खूप दिवस चाललं. ऑफिस बंद करायचं ठरलं होतं, टेबलं विकायला काढली होती. त्या दिवसांत एक प्रतिक्रिया आली. नाव नाही, गाव नाही. एकच ओळ.

'पाणी किती टाकायचं?'

वर्षानं नेहमीसारखा फोन लावला, आमच्यासमोर, स्पीकर चालू करून. बाकीच्यांबरोबर तीही ओळ वाचली. म्हणाली, "मावशी, पाण्याचं आपलं खरंच राहिलंय. काय लिहू? अंदाजानं म्हणू का?"

तिकडं मागं कुठंतरी शेळी ओरडली.

"कोण विचारून राहिलंय?" मावशी म्हणाल्या.

"नाव नाही मावशी."

मावशी म्हणाल्या, "पाण्याचं मागून सांगू. आधी विचार, जेवलास का."

वर्षा गडबडली. "मावशी, कुणीही असेल हो. पुण्या-मुंबईची एखादी बाई असेल."

"असू दे की. बाई असली तरी 'जेवलास का' असंच लिही."

वर्षानं आमच्याकडं बघितलं. सरांनी मान हलवली. तिनं त्या ओळीच्या खाली टाइप केलं, 'जेवलास का?'

दुसऱ्या दिवशी सकाळी शफीकभाईनं कम्प्युटर लावला आणि आम्हाला हाक मारली. त्याखाली उत्तर आलं होतं.

'हाव.'